जॅझवाला गेला की सोलापुरात बसून त्याला कसं ऐकायचं

जॅझमधलं कुणी गेलं की फोनवर आधी बातमी येते, मग काळापांढरा फोटो, मग सगळ्यांचं हात जोडलेलं इमोजी आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. त्यापेक्षा चारपाच जण घरी बोलवा, आणि गेलेल्या माणसाचं एकच रेकॉर्डिंग लावा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बेस्ट ऑफ वगैरे प्लेलिस्ट नको, त्यात माणूस सापडत नाही, नुसती गाणी सापडतात.

रेकॉर्डिंग निवडायचं कसं, तर कव्हरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे तेवढंच बघू नका, आत कोण कोण वाजवतंय ते वाचा. रॉय हेन्स नोव्हेंबर 2024 मध्ये गेले, 99 वर्षांचे होते, सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करबरोबर वाजवलं, गायिका सारा वॉनबरोबर वाजवलं, आणि ड्रमर असल्यामुळं त्यांचं बरंचसं भारी काम दुसऱ्यांच्या अल्बमवर आहे. पियानोवाल्या चिक कोरियाचा 1968 चा ‘नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज’ लावा, पियानो, बास, ड्रम्स, तिघंच आहेत. हेन्सची फ्लॅट राइड सिंबल, म्हणजे ठेका धरायची सपाट झांज, ऐका, मधे फुगवटा नसल्यामुळं तिचा आवाज कोरडा आणि लगेच थांबणारा येतो, त्यामुळं पियानो कितीही पळाला तरी एकेक ठोका सुटा कळतो. कोरिया 2021 मध्ये गेले, म्हणजे एका रेकॉर्डमध्ये दोघांची आठवण निघते.

सॅक्सोफोनवाले वेन शॉर्टर (मार्च 2023 मध्ये गेले) यांच्यासाठी ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या ‘नेफर्टिटी’ अल्बममधलं त्याच नावाचं पीस घ्या, रचना शॉर्टरचीच आहे. आपल्याकडच्या कानाला हे पटकन कळतं कारण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच ओळ परत परत वाजवत राहतात, सोलो घेतच नाहीत, आणि खरं काम खाली टोनी विल्यम्स ड्रम्सवर करतो. तबल्याच्या साथीला तीच धून फिरवत ठेवणारा लेहरा धरलाय आणि तबलजी सुटलाय, तसलं. गेलेल्या माणसाची आठवण काढताना त्याचा सोलोच पाहिजे असं कुणी सांगितलंय बे? त्यानं लिहिलेल्या ओळीवर दुसरा कसा फुलतो तेही बघा की.

पियानोवाले अहमद जमाल (एप्रिल 2023) यांचं ‘पॉइन्सियाना’, 1958, शिकागोच्या पर्शिंग लाउंजमध्ये लाइव्ह केलेलं. हे नवख्यांना सगळ्यात आधी ऐकवा, साधारण आठ मिनिटांचं आहे, जमाल मधे मधे हात उचलून जागा सोडतात आणि ड्रमर व्हर्नेल फोर्नियेचा ठेका चालूच राहतो.

आता सामान. फोनच्या किंवा मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर डबल बास जवळजवळ गायबच होतो, त्याचा खालचा सूर 41 हर्ट्झच्या आसपास असतो, तो असल्या स्पीकरला झेपत नाही. आणि लग्नातला डीजेचा बॉक्स आणलात तर उलटं, धुम्म सोडून काहीच नाही. जुना वायरवाला डेक असेल तर झकास, नाहीतर बरा हेडफोन आळीपाळीनं. इक्वलायझर सपाट ठेवा. ट्रॅक आधीच डाउनलोड करा, मधेच जाहिरात आली तर सगळा मूड जातो.

वेळ रात्री नऊनंतरची, उन्हाळ्यात गच्चीवर, तोपर्यंत फरशी जरा निवते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असेल तर ते दिवस टाळा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर ठेवा, पण मध्यांतरात, कारण ब्रशनं वाजवलेले ड्रम्स चालू असताना कुणी भाकरी मोडली की ड्रमर हरतो, हे लिहून ठेवा.

बोलायचं थोडंच. ट्रॅकच्या आधी वाजवणाऱ्यांची सगळ्यांची नावं, वाद्यं आणि रेकॉर्ड केल्याचं वर्ष सांगायचं. बाजारात आल्याचं वर्ष वेगळं असू शकतं, ‘नेफर्टिटी’ 1967 मध्ये रेकॉर्ड झालं आणि 1968 मध्ये आलं. जीवनचरित्र वाचून दाखवू नका, लोक मोबाइल काढतात.

शेवटाला काय लावायचं याचं माझं ठरलेलं आहे. सॅक्सोफोनवाले बेनी गोल्सन (सप्टेंबर 2024) यांचं ‘आय रिमेंबर क्लिफर्ड’, कारण ती रचनाच मुळात श्रद्धांजली आहे, क्लिफर्ड ब्राउन हा ट्रम्पेटवाला 1956 मध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा 25 वर्षांचा होता. आणि त्याच्यामागं झाकिरभाई. डिसेंबर 2024 मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी तबला सोलोच लावले, ‘संगम’ फार कुणी लावलं नाही. सॅक्सोफोनवर चार्ल्स लॉइड, ड्रम्सवर एरिक हार्लंड आणि तबल्यावर झाकिर हुसेन, 2004 ची मैफल, तीसुद्धा बिली हिगिन्स या गेलेल्या ड्रमरच्या आठवणीत झालेली. अख्खा अल्बम लांब आहे, ज्यांना सकाळी लवकर उठायचंय त्यांना आधीच सांगून ठेवा.