पावसाळी परसबाग : या चुका टाळा

जुलै उजाडला की कोणी ना कोणी पिवळं पडलेलं रोप मुळासकट हातात धरून आमच्या पडवीत हजर होतं. प्रश्न ठरलेला, "याच्यावर काय मारू?" काही मारू नका. रोप बुडालंय.

सपाट जमिनीत लागवड, ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ते पाणी जाणार कुठे?

ही चूक मीही केलीय. एका वर्षी वाफे उचलायचा कंटाळा केला आणि वांगी-मिरचीची साठेक रोपं सपाटीलाच लावली. आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, माती तरी चढव." म्हटलं, मागाहून चढवतो. आषाढात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी ऊन पडलं, तर सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. चिखलात उभी राहून सुकत होती! मी शहाण्याने वर चिमूट चिमूट युरिया टाकला. दोन दिवसांनी एक रोप उपटलं. मुळं तपकिरी, बोटांनी ओढली तर साल सोलून हातात आली, आत नुसता दोरा. हवा मिळाली नाही की मूळ पाणी ओढत नाही, आणि उरलेलं काम बुरशी करते. अकरा रोपं वाचली, तीही बांधाकडेची, उंचावरची.

आता मेमध्येच, माती कोरडी असताना, वीतभर उंच गादीवाफे करतो. रुंदी इतकीच, की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचावा. वाफ्यावर पाय द्यायचाच नाही. चर उताराच्या दिशेने. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन उभा राहतो, पाणी अडेल तिथे फावडं मारतो. लोक हसतात. हसू देत.

घाईवाल्यांचं तर काय सांगावं! वळवाची एक सर पडली की बी टाकून मोकळे. मग आठ दिवस कडक ऊन, आणि उगवलेलं जळतं. मृगाचा पाऊस नीट लागू दे की. आणि भेंडी पहिल्या तोड्याला दीडेक महिना घेणारच, रोज उकरून बघितल्याने लवकर येत नाही. बी घेताना 'परभणी क्रांती'सारखं, केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) सहजी बळी न पडणारं घ्या.

कच्चं शेण घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते. कोथिंबीर झडीत पेरू नका, सडते. गोगलगायींसाठी वाफ्यात मीठ टाकणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. माती खारवते, रात्री बॅटरी घेऊन वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका.

"दोडके बोटाएवढे होऊन गळतात, खत कोणतं घालू?" खत नको. सततच्या पावसात माश्या-पाखरं फिरकत नाहीत, फळ धरणार कसं? दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि ज्या फुलामागे इवलासा दोडका दिसतो त्याच्या मधोमध हलकेच टेकवायचं. आमच्याकडे हे काम आईचं. एका हातात छत्री, दुसऱ्यात फूल, आणि मांडवाखाली मी बॅटरी धरून उभा.