फाउंड्रीत सिलेन कसे हाताळावे: कॅन उघडण्यापासून रिकाम्या कॅनपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या नो-बेक (वाळूचा साचा न भाजता रसायनाने घट्ट करणाऱ्या) फाउंड्रीत गेलात, तर वाळू बांधणाऱ्या चिकट रेझिनच्या बॅरलशेजारी पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाचा एक छोटा कॅन दिसतो. सगळे त्याला नुसते ‘सिलेन’ म्हणतात. वाळूचा कण आणि रेझिन यांना एकमेकांशी घट्ट बांधणे हे त्याचे काम. लागते अगदी थोडे, म्हणून त्याच्याकडे लक्षही थोडेच जाते आणि उघड्या हातांनी ओतणे सुरू होते. खरे तर हा द्रव कातडी भाजतो, डोळा कायमचा निकामी करू शकतो आणि ओल लागली की स्वतःतून ज्वलनशील अल्कोहोल सोडतो. पुढची पद्धत या तीन गोष्टी धरून लिहिली आहे.

आधी लेबल वाचा

सिलेन हे एका रसायनाचे नाव नाही, ते एक मोठे घराणे आहे. फुरान आणि फेनॉलिक रेझिनसाठी आपल्याकडे बहुधा अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सी सिलेन येते. त्याचा कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) ९१९-३०-२. लेबलवर ‘ट्रायमेथॉक्सी’ असेल आणि क्रमांक १३८२२-५६-५ असेल, तर माल वेगळा आहे. पहिल्यातून ओल लागल्यावर इथेनॉल सुटते, दुसऱ्यातून मेथॅनॉल, आणि मेथॅनॉल विषारी आहे. कामाच्या आठ तासांत हवेतल्या इथेनॉलची मर्यादा १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग) धरतात, मेथॅनॉलची फक्त २००. एकाऐवजी दुसरा माल आला, तर स्टोअरने तो निमूटपणे उतरवून घेऊ नये.

‘क्लोरोसिलेन’ जातीचे सिलेन फाउंड्रीच्या या कामाचे नाहीच. ते पाण्याशी जोरात भिडते आणि हायड्रोजन क्लोराईडचा धूर सोडते. सिलिंडरमध्ये येणारा सिलेन वायू हवेत आपोआप पेटतो, पण त्याचा या कॅनशी नावापुरताच संबंध आहे. मोबाइलवर ‘सिलेन’ एवढेच शोधून मिळालेली माहिती म्हणूनच भलत्याच मालाची असू शकते. पुरवठादाराकडून त्याच मालाचे सुरक्षा माहितीपत्रक घ्या. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार ते मिळायलाच हवे. त्यातली प्रथमोपचार आणि सांडल्यावर काय करायचे ही पाने मराठीत करून मिक्सरजवळ लावा. इंग्रजी पत्रक ऑफिसच्या कपाटात ठेवून हेल्परच्या डोळ्याला काही उपयोग होत नाही.

किती लागते, त्यावरून किती आणायचे

वाळूच्या वजनाच्या १ टक्का रेझिन आणि रेझिनच्या वजनाच्या ०.२ टक्के सिलेन असा हिशोब धरू. १ टन वाळूला १० किलो रेझिन, आणि त्यात फक्त २० ग्रॅम सिलेन. दिवसाला १० टन वाळू मिसळणाऱ्या कारखान्याला रोज २०० ग्रॅम, म्हणजे ५ किलोचा कॅन २५ दिवस पुरतो. अशा ठिकाणी स्वस्त पडते म्हणून २०० किलोचे बॅरल आणणे ही चूक आहे. अर्धे झालेल्या बॅरलमध्ये प्रत्येक वेळी दमट हवा शिरते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरच्या हवेत ओल भरपूर असते.

ती ओल काय करते ते आकड्यांत पाहा. या सिलेनच्या प्रत्येक रेणूवर तीन इथॉक्सी गट असतात आणि पाणी मिळाले की तिन्हींचे इथेनॉल होऊ शकते. १ किलो सिलेन पूर्ण फुटले, तर सुमारे ६२० ग्रॅम इथेनॉल तयार होते. ताज्या सिलेनचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) ९० अंश सेल्सिअसच्या वर आहे, म्हणजे साध्या तापमानाला त्याची वाफ सहज पेट घेत नाही. इथेनॉलचा ज्वलनबिंदू मात्र साधारण १३ अंश. महिनोन्‌महिने उघडझाक झालेल्या कॅनमधली रिकामी जागा म्हणूनच ताज्या मालापेक्षा जास्त धोक्याची असते. लॅडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) तापवायचा बर्नर, वेल्डिंग आणि ग्राइंडर त्या कॅनपासून लांब हवेत.

साठवण

सावलीची, कोरडी, हवेशीर खोली निवडा. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याखाली कॅन ठेवू नका. मूळ कॅनमध्येच ठेवा आणि झाकण घट्ट लावा. पितळी कॉक, तांब्याची नळी, गॅल्वनाइज्ड बादली यांपैकी काहीही वापरू नका, कारण या सिलेनमधला अमाइन हा अल्कली गट तांबे आणि जस्त खातो. एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिक) किंवा स्टेनलेस स्टील चालते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हार्डनरचे, म्हणजे रेझिन घट्ट करणारे ॲसिड आणि सिलेन एका रॅकवर नकोत. सल्फॉनिक ॲसिडच्या कॅनमध्ये चुकून सिलेन ओतले, तर अल्कली आणि ॲसिड भिडून एकदम उष्णता होते आणि द्रव तोंडावर उडू शकतो. दोन्ही कॅन पांढरे, दोन्ही द्रव जवळपास सारखे दिसणारे. म्हणून वेगवेगळे रंग द्या, वेगवेगळे ट्रे ठेवा आणि मापेही वेगळी ठेवा. सिलेन पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवणे तर कोणत्याही कारणासाठी नको.

उघडण्यापूर्वी

कॅन फुगला आहे का, हे आधी पाहा. आत ओल गेली असेल, तर इथेनॉलच्या वाफेचा दाब असतो. किंचित फुगलेला कॅन उघड्यावर न्या, झाकणावर फडके ठेवा, तोंड बाजूला करा, झाकण पाव फेरा सैल करून थांबा. आवाज थांबला की पुढे फिरवा. खूप फुगलेला कॅन उघडूच नका, पुरवठादाराला बोलवा. आट्यांवर पांढरा खर जमला असेल, द्रव गढूळ दिसत असेल किंवा जेलीसारख्या गाठी असतील, तर तो माल वाया गेला. तो गाळून वापरला, तर कोअरला (साच्यात पोकळीसाठी बसवायच्या वाळूच्या भागाला) ताकद मिळणार नाही.

हातात नायट्राईलचे लांब मोजे घाला. भट्टीवरचे चामडी मोजे इथे उलट घातक ठरतात, कारण ते द्रव शोषून कातडीला लावून ठेवतात. डोळ्यांना चारी बाजूंनी बंद गॉगल आणि त्यावर फेस शील्ड हवे, नुसता चष्मा पुरत नाही. पूर्ण बाह्या आणि रबरी एप्रन हवा. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. हवा खेळती नसेल, तर ऑरगॅनिक व्हेपर आणि अमोनिया अशा दोन्हींसाठी असलेले काडतूस लावलेला रेस्पिरेटर लागतो. खरा उपाय मात्र काम हवेशीर जागी नेणे हाच आहे.

मिसळणे

२०० किलो रेझिनला ०.२ टक्के म्हणजे ४०० ग्रॅम. सिलेन पाण्यापेक्षा थोडे हलके असल्याने ते साधारण ४२० मिली भरते, तरी मापापेक्षा वजन काटाच बरा. भांडे पूर्ण कोरडे हवे. नुकतेच धुतलेले माप चालणार नाही. रेझिन सावकाश ढवळत ठेवा आणि सिलेन बारीक धारेने त्यात सोडा. १५ ते २० मिनिटे ढवळा, मग बॅरलवर तारीख आणि मात्रा लिहा. हार्डनर या बॅरलमध्ये कधीही घालायचा नाही. रेझिन आणि ॲसिड थेट एकत्र आले, तर हिंसक प्रतिक्रिया होते. दोघांची गाठ वाळूतच पडली पाहिजे.

तारीख लिहायची, कारण रेझिनमध्येही पाणी असते आणि मिसळलेले सिलेन त्यात हळूहळू फुटत राहते. काही आठवड्यांत त्याचा परिणाम उतरतो. मग साचा ठिसूळ लागतो आणि सुपरवायझर रेझिन वाढवायला सांगतो. रेझिन वाढले की वितळलेला धातू ओतताना गॅस वाढतो आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल (गॅसची भोके) येतात. आठवड्याला लागेल तेवढ्याच रेझिनमध्ये सिलेन मिसळणे हा सरळ उपाय. मात्रा दुप्पट करून काही साधत नाही. एका मर्यादेपुढे ताकद वाढत नाही, फक्त खर्च आणि वाफ वाढते.

अंगावर उडाले तर

डोळ्यात गेले, तर पळत जाऊन वाहत्या पाण्याखाली पापण्या उघड्या धरा आणि निदान १५ मिनिटे धूत राहा. ‘सिलेनला पाणी लावायचे नाही’ हा नियम साठवणीचा आहे, शरीराचा नाही. या प्रकारच्या सिलेनची पाण्याशी प्रतिक्रिया सावकाश होते आणि भरपूर पाणी त्याला पातळ करून वाहून नेते. अल्कलीची इजा आत उतरत जाते, सुरुवातीला वेदना कमी असली तरी फसू नका. नळ मिक्सरपासून दहा सेकंदांच्या अंतरावर हवा आणि त्याला पाणी येते का, हे रोज पाहायचे. धुणे झाले की १०८ ची रुग्णवाहिका किंवा हातातली गाडी, आणि थेट कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे डोळ्यांचे रुग्णालय. माहितीपत्रक सोबत न्या.

कातडीवर पडले, तर भिजलेले कपडे आणि बूट लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. या रसायनाची ॲलर्जी बसू शकते. एकदा बसली की पुढे थोड्या संपर्कानेही पुरळ उठते, म्हणून पुरळ आलेल्या माणसाला त्या कामावर परत लावू नका. पोटात गेले, तर उलटी करवू नका.

सांडले किंवा पेटले तर

आधी ज्वाळा आणि ठिणग्या बंद करा. नवी, कोरडी, थंड वाळू टाका. शेकआउटची (साचा फोडून निघालेली) जुनी वाळू नको, तिच्यात ॲसिड उरलेले असते आणि ती गरमही असू शकते. फरशी निसरडी होते, तिथे घाईने चालू नका. गोळा केलेली वाळू हवाबंद डब्यात भरू नका, आत इथेनॉलचा दाब धरेल. गटारात काहीही धुऊन सोडू नका. वसाहतीचे नाले शेवटी नदीकडेच जातात. आगीला कोरडी पावडर, कार्बन डायऑक्साईड किंवा अल्कोहोलला टिकणारा फोम वापरा, आणि मोठी आग असेल तर माणसे बाहेर काढून १०१ लावा.

दूषित वाळू, खराब सिलेन आणि रिकामे कॅन हा सगळा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात साठवता येत नाही, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावा लागतो. रिकामा कॅन भंगारवाल्याला देऊ नका आणि कामगाराने मागितला तरी घरी नेऊ देऊ नका. तो कॅन घरी पाणी भरायला वापरला जातो. लेबल तसेच ठेवा आणि तो कॅन कचऱ्याच्या खोलीतच ठेवा.