हर्ट्झ बघून तंबोरा कसा जुळवावा

तारा नव्या आहेत, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जागेवर आहे, खुंट्या घसरत नाहीत असं धरून चालू या. घसरत असतील तर खडू लावा.

फोनवरचं कुठलंही फुकटचं ट्यूनर ॲप चालेल, फक्त त्यात हर्ट्झचा आकडा निदान एका दशांशापर्यंत दिसला पाहिजे. तार सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तितके हर्ट्झ. नुसती हिरवी-लाल सुई दाखवणारं ॲप काढून टाका.

ॲपमध्ये संदर्भ (ज्या स्वरावरून ॲप बाकीचे स्वर मोजतं त्याचा आकडा) ४४० ठेवा. ४३२ वर लावलं की मन शांत होतं वगैरे फॉरवर्ड येतात, ते डिलीट करा. मात्र साथीला पेटी असेल तर आधी पेटीची काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबून आकडा बघा. जुन्या पेट्या पुष्कळदा ४४० च्या हिशोबात बसत नाहीत. मैफलीत पेटीचा सूर हलवता येत नाही, तंबोऱ्याचा येतो. तेव्हा पेटी म्हणेल तेच खरं.

काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यासाठी जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) १३८.६, खर्ज (शेवटची तार, खालचा षड्ज) ६९.३.

जोडाची पहिली तार ॲपवर लावा. दोरा (घोडीवर तारेखाली घातलेला) बाजूला सरकवून ठेवा, बोटाच्या गादीने हलकेच छेडा आणि पहिला क्षण सोडून मग आकडा वाचा. छेडल्याबरोबर तो चढा दिसतो. मध्येच २७७ किंवा ४१६ आलं तर खुंटीला हात लावू नका. तार मूळ कंपनाच्या दुप्पट-तिप्पट कंपनंही देत असते, ॲप चुकून त्यांना पकडतं.

आता जोडाची दुसरी तार. बहुतेक जण इथेच अडकतात, कारण 'दोन्ही तारांना १३८.६ दिसलं की झालं' असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. झालेलं नसतं. दोन्हीकडे १३८.६ दिसत असतानाही आत जवळजवळ ०.१ हर्ट्झचा फरक लपू शकतो. मूळ स्वरात त्याचा एक हेलकावा दहा सेकंदांनी येतो, म्हणजे कळणारही नाही. पण आठव्या स्वरांशात (मूळच्या आठपट कंपनात) तोच फरक आठपट होतो, आणि जवारी (घोडी-दोऱ्यामुळे येणारा झणकार) नेमके हे वरचे स्वरांश उचलून धरते. म्हणून ॲप पास करतं आणि तंबोरा कुरकुरत राहतो.

तेव्हा दुसरी तार ॲपवर जवळपास आणा आणि फोन पालथा ठेवा. दोन्ही तारा लागोपाठ छेडा. आवाज वँव-वँव असा फुगतो आणि ओसरतो, ते मोजा. सेकंदाला दोन हेलकावे म्हणजे दोन हर्ट्झचा फरक. दोन सेकंदांत एक म्हणजे अर्ध्याचा. मणी (घोडीच्या खाली तारेत ओवलेला) किंचित खाली सरकवा, स्वर चढेल. हेलकावे मंदावले तर दिशा बरोबर, वेगावले तर उलट. या टप्प्यावर खुंटी पिळायची नाही, म्हणजे नाहीच. आणि नेहमी खालून वर या. वरून उतरवलेली तार थोड्या वेळाने आणखी उतरते. नाद विरेपर्यंत एकही हेलकावा ऐकू आला नाही की थांबा.

खर्ज फोनच्या माइकला धड ऐकू येत नाही, तो जोडाबरोबर कानानेच मिळवा.

पंचमाला (पहिल्या तारेला) ॲप १०३.८ सांगेल. तो पेटीचा पंचम, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून काढलेला. तंबोऱ्याला जोडाच्या बरोबर पाऊणपट हवा, म्हणजे १०३.९४. फरक नखाएवढा वाटतो, पण पंचमाची चौपट आणि जोडाची तिप्पट कंपनं एकाच जागी येतात: ॲपच्या हिशोबाने ४१५.३, शुद्ध हिशोबाने ४१५.८. अर्धा हर्ट्झ, म्हणजे दर दोन सेकंदांनी एक हेलकावा, रागभर. पंचमही जोडासारखाच हेलकावे मोजून लावा. मालकंसाला त्या तारेवर मध्यम, मारव्याला निषाद, पद्धत तीच.

मग दोरा परत घाला आणि घोडीवर केसाकेसाने सरकवत नाद उघडेल तिथे सोडा. दोरा हलला की स्वरही जरासा हलतो, म्हणून जोड पुन्हा एकदा ऐका. खर्ज छेडल्यावर त्यातून गंधार आपोआप उमटू लागला की ॲप बंद करा. एसी सभागृहात असाल तर गाण्याच्या पाच मिनिटं आधी जोड परत तपासा. थंडीने तारा आवळतात आणि सूर चढतो.