ओट्याखालचा गिझर: सिंकच्या नळाला दाबाचं गरम पाणी

स्वयंपाकघरातल्या सिंकला गरम पाणी हवं असेल तर बाथरूमच्या गिझरपासून लांब पाइप ओढू नका. दर वेळी पाइपातलं गार पाणी आधी वाया जातं. त्यापेक्षा ओट्याखाली १० लिटरचा छोटा गिझर बसवा.

खरेदी करतानाच सर्वात महाग चूक होते. आपल्याकडचे बहुतेक गिझर वर टांगायचे असतात, त्यांची पाइपांची तोंडं खाली असतात. तो उलटा करून सिंकखाली बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आतली गरम पाण्याची नळी टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते. गिझर उलटा केला की तिचं टोक तळाशी जातं, वरची हवा बाहेर पडत नाही, आणि कॉइल नेमकी त्या हवेत येते. कोरडी कॉइल जळते. म्हणून तोंडं वरच्या बाजूला असलेलं ‘अंडर-सिंक’ मॉडेलच घ्या, आयएसआय चिन्ह बघून. टाकी दाबाची (म्हणजे लायनीतल्या पाण्याचा दाब सोसणारी) आहे ना, हेही विचारा. बिनदाबाच्या टाक्याही मिळतात, पण त्यांना खास तीन पाइपांचा नळ लागतो. साधा नळ लावून तोंड बंद केलं तर टाकी फुटू शकते. फॅब्रिकेटरकडून स्टीलची टाकी वेल्ड करून घ्यायचा विचार सोडून द्या. घरी करायची ती जोडणी, टाकी नव्हे.

आता इमारतीचा दाब. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब देते. म्हणजे टाकीपासून बारा मजले खाली असाल तर साडेतीन बारच्या आसपास. गिझरच्या टाकीवर लिहिलेला कमाल दाब, बहुधा ६.५ किंवा ८ बार, याच्या बराच वर असतो. इमारतीत प्रेशर पंप असेल तर मात्र अर्ध्या इंची प्रेशर गेज नळाला लावून दाब मोजा. ५ बारच्या वर काटा गेला तर दाब कमी करणारा प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह हवाच. मिक्सर नळाचं (गरम-थंड पाणी एकत्र देणाऱ्या) थंड आणि गिझरचं पाणी एकाच लायनीवरून घ्या. नाहीतर एका बाजूचा दाब दुसरीला दाबून टाकतो आणि नळाचं पाणी कधी गार, कधी चटका देणारं येतं.

थंड पाण्याच्या जोडणीचा क्रम असा: अँगल कॉक (भिंतीतल्या पाइपावरचा, पाणी बंद करायचा), मग सेफ्टी व्हॉल्व्ह (नॉन-रिटर्नसह, म्हणजे पाणी मागे न सोडणारा; बाण टाकीकडे), मग टाकी. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक नको. कारण सोपं आहे: २० वरून ६५ अंशांवर जाताना १० लिटर पाणी सुमारे पावणेदोनशे मिलिलिटर फुगतं. नॉन-रिटर्नमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या तोटीतून थेंब थेंब बाहेर पडतं. हे गळणं नव्हे. तोटीला बूच मारणारे प्लंबर भेटतात, त्यांना थांबवा. तोटीला नळी लावून वेस्ट पाइपाच्या तोंडावर उघडी सोडा, सांधा बंद करू नका.

गिझरला सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) थेट जोडू नका. पितळी निपल आणि स्टीलच्या जाळीची कनेक्शन नळी वापरा, टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनेच गुंडाळा. भरलेला गिझर १६-१७ किलोचा होतो, त्यामुळे प्लायच्या पाठीला नाही, भिंतीत १० मिलिमीटरच्या फास्टनरवर टांगा. पुढे कव्हर काढता येईल इतकी जागा ठेवा.

२ किलोवॉटला साधारण ९ अँपिअर लागतात. स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खात्रीचं अर्थिंग, यातलं काहीही गाळू नका. सॉकेट सिंकच्या सांध्यांच्या थेट खाली नको. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

पहिल्यांदा सुरू करताना वीज शेवटी. अँगल कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ सोडा, फुसफुस थांबून अखंड धार आली की टाकी भरली. नळ बंद करून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवा. मगच स्विच. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत यायला साधारण १२ मिनिटं लागतात.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. त्याहून वर गेलं की क्षार भराभर साचतात. बोअरवेलचं पाणी असेल तर कॉइलवर थर बसतो, ती तापायला वेळ लावते आणि आतून ‘खडखड’ ऐकू येते. वर्षातून एकदा वीज बंद करून टाकी रिकामी करा, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड तपासा. निम्मा झिजला असेल तर बदला. दोन-तीन महिन्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका क्षणभर उचलून पाणी येतं का बघा. आलं नाही तर व्हॉल्व्ह क्षाराने अडकला आहे. नवा बसेपर्यंत गिझर सुरू करू नका.