वाळूच्या टेकड्यांसाठी लांब स्विंगआर्म निवडताना

कॅलिफोर्नियातील ग्लॅमिससारख्या वाळूच्या टेकड्यांवर यामाहा बॅन्शी हे चारचाकी क्वाड चढवताना मागचे पॅडल टायर (वल्ह्यासारखे उभे पट्टे असलेले टायर) वाळूत घट्ट रुततात आणि पुढची चाके उचलली जातात. स्विंगआर्म म्हणजे मागचा आस सांगाड्याला जोडणारा, वर-खाली हलणारा दांडा; तो लांब असला की मागचा आस मागे सरकतो, चाकांमधील अंतर वाढते आणि तीच ताकद क्वाडला उलटवण्याऐवजी पुढे ढकलण्यात खर्च होते.

मात्र जितकी लांबी वाढते, तितका वळणाचा घेर वाढतो. त्यामुळे सर्वसाधारण भटकंतीसाठी चार इंच वाढ पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आठ-दहा इंचांची वाढ सरळ चढाच्या शर्यतींसाठीच राखून ठेवावी.

खरेदीपूर्वी सर्वाधिक लक्ष शॉकच्या (धक्काशोषकाच्या) जोडणीकडे द्यावे. जोडणीची जागा मूळचीच राहिली आणि आस तेवढा मागे गेला, तर चाकाची तरफ वाढून तीच स्प्रिंग मऊ भासू लागते आणि उडीनंतर सस्पेन्शन तळाला आदळते. अशा वेळी अधिक कडक स्प्रिंग घ्यावी लागते. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादाचा आर्म जड असला, तरी त्याची दुरुस्ती अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सोपी असते. वेल्डिंगची रेघ सलग आहे का, हेही पाहावे.

चार इंच वाढीसाठी ५२० मापाच्या साखळीला साधारण १४ कड्या जास्त लागतात. मागच्या ब्रेकची नळीही लांब घ्यावी, आणि सस्पेन्शन पूर्ण खाली सोडून ती ताणली जात नाही ना, याची खात्री केल्याशिवाय क्वाड वाळूत नेऊ नये.