चांदीच्या नॅनोतारांची पारदर्शक वाहक फिल्म : संशोधनाची पहिली दोन वर्षे

माझ्या पहिल्या प्रयोगवहीत सुरुवातीच्या 23 फिल्मांपुढे एकच नोंद आहे : ‘रोध मोजता आला नाही.’ काचेवर चांदीच्या नॅनोतारांचा, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या अतिबारीक तारांचा थर दिलेला होता, काच बऱ्यापैकी पारदर्शक दिसत होती, पण तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीज वाहत नव्हती. पारदर्शक वाहक फिल्म या विषयात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी हे लिहिताना मी त्या 23 फिल्मांपासूनच सुरुवात करते, कारण त्या का वाहत नव्हत्या याचे उत्तर शोधतानाच या विषयातले बरेचसे भौतिकशास्त्र मला खऱ्या अर्थाने समजले.

पारदर्शकता आणि वाहकता हे दोन गुण एका पदार्थात सहसा एकत्र नांदत नाहीत. धातूत मुक्त इलेक्ट्रॉन भरपूर असतात म्हणून तो वीज वाहतो आणि त्याच इलेक्ट्रॉनांमुळे प्रकाश परतवतो. काचेत असे इलेक्ट्रॉन नसतात म्हणून प्रकाश आरपार जातो आणि वीज अडते. हे दोन्ही गुण कॅडमियम ऑक्साइडच्या पातळ थरात एकत्र आढळतात, हे 1907 साली कार्ल बेडेकर यांनी दाखवले. आडनाव आपल्याकडचे वाटले तरी हे गृहस्थ जर्मन होते. आज मोबाइलच्या पडद्यांत सर्वाधिक वापर होतो तो इंडियम टिन ऑक्साइडचा, ज्याला प्रयोगशाळेत सगळे आयटीओ म्हणतात. त्यात वजनाने सुमारे 90 टक्के इंडियम ऑक्साइड आणि 10 टक्के टिन ऑक्साइड असते. त्याचा बँड गॅप (प्रकाश शोषला जाण्यासाठी फोटॉनात असावी लागणारी किमान ऊर्जा) साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आहे आणि दृश्य प्रकाशातील जांभळ्या टोकाच्या फोटॉनांची ऊर्जाही 3.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच असते, त्यामुळे तो प्रकाश शोषला जात नाही. मात्र इंडियम हे मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात हाती येणारे दुय्यम उत्पादन आहे, म्हणून मागणी वाढली तरी त्याचा पुरवठा सहज वाढवता येत नाही. शिवाय प्लास्टिकवर दिलेला आयटीओचा थर दोन-तीन टक्के ताणला गेला तरी तडकतो. वाकणारे पडदे आणि वाकणारे सौरघट यांच्यासाठी दुसरे काही शोधण्याची गरज यातूनच निर्माण झाली.

त्या ‘दुसऱ्या काही’मध्ये ग्राफीन आहे, कार्बन नॅनोट्यूब आहेत, पेडॉटसारखे वाहक बहुवारिक (पॉलिमर) आहे आणि धातूची अतिसूक्ष्म जाळीही आहे. ग्राफीनचा एक थर केवळ 2.3 टक्के प्रकाश शोषतो आणि 2010 साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी 30 इंचांची ग्राफीन फिल्म करून दाखवली, ही वर्णने वाचून नवखे विद्यार्थी बहुधा तिकडे ओढले जातात. माझे मत थोडे वेगळे आहे. चांगले ग्राफीन वाढवण्यासाठी उच्च तापमानाची भट्टी, वायूंची व्यवस्था आणि ज्या तांब्यावर थर वाढवतात त्यावरून तो अलगद उचलून काचेवर ठेवण्याचे कसब लागते. चांदीच्या नॅनोतारा मात्र तेलाचे बाथ, चुंबकीय ढवळणी, सेंट्रिफ्यूज आणि फ्यूम हूड (घातक वाफा बाहेर ओढून घेणारे कपाट) एवढ्या सामग्रीवर जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही तयार होऊ शकतात. ज्याला पदार्थ तयार करण्यापासून फिल्म मोजण्यापर्यंत सगळे स्वतःच्या हाताने शिकायचे आहे, त्याने नॅनोतारांपासून आरंभ करावा असे मी आग्रहाने सांगते.

पद्धत अशी. इथिलीन ग्लायकॉल 150 ते 160 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे, त्यात पीव्हीपी हे बहुवारिक आणि अत्यल्प क्लोराइड मिसळायचे, आणि सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण संथपणे थेंबथेंब सोडायचे. ग्लायकॉलपासून तयार होणारी संयुगे चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करतात. पीव्हीपी स्फटिकाच्या बाजूच्या पृष्ठभागांना चिकटून राहते, म्हणून स्फटिकाची वाढ फक्त टोकांकडून होते आणि कणांऐवजी तारा तयार होतात. द्रावण आधी पिवळे दिसते, नंतर गढूळ राखाडी होते, आणि तारा खरोखर वाढल्या असतील तर फ्लास्क हलवताच आत रेशमासारखी चमक फिरताना दिसते. ती चमक एकदा पाहिली की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

ग्लायकॉलची बाटली बदलली तरी निकाल बदलतो, कारण त्यातील अगदी सूक्ष्म अशुद्धीही या वाढीवर परिणाम करतात. म्हणून बाटलीचा बॅच क्रमांक वहीत लिहावा. ग्लायकॉल आधी सुमारे तासभर तापवून ठेवण्याचा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळू नये. ढवळणी वेगाने फिरवली तर तारा आखूड होतात. आमच्याकडे ऐन प्रयोगाच्या मध्यावर वीज जाण्याचे प्रसंग अनेकदा आले, आणि तापमान उतरल्यावर ते पुन्हा चढवून प्रयोग पुढे रेटला तर जवळजवळ प्रत्येक वेळी तारांऐवजी कणांचा गाळ हाती आला. अशा वेळी तो प्रयोग रद्द समजावा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, तेव्हा फ्यूम हूडबाहेर ते तापवू नये. आणि सिल्व्हर नायट्रेटचे बोटांवरचे काळे डाग कित्येक दिवस जात नाहीत, तेव्हा हातमोजे घालावेत.

आता त्या 23 फिल्मांकडे येते. मी तारा तयार करत होते, धूत होते, इथेनॉलमध्ये विखुरत होते आणि काचेवर थर देत होते. रोध मिळत नाही असे दिसताच मी थर वाढवत गेले; काच धुरकट झाली, तरी वीज वाहीना. प्रवाह वाहण्यासाठी तारांनी एकमेकींना स्पर्श करत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग वाट तयार करावी लागते. खराटा सुटून हीर अंगणात विखुरले, तर त्यांवरूनच पावले टाकत अंगण ओलांडता येईल का, असा हा प्रश्न आहे. गणित सांगते की सारख्या लांबीच्या काड्या यदृच्छेने पसरल्या, तर दर एकक क्षेत्रफळातील काड्यांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग हा गुणाकार सुमारे 5.64 झाला की अशी वाट तयार होते. म्हणजे तार 20 मायक्रोमीटर लांब असेल तर 100 चौरस मायक्रोमीटरमध्ये सरासरी 1.4 तारांवरच काम सुरू होते. ती 10 मायक्रोमीटर असेल तर 5.6 तारा लागतात, आणि 4 मायक्रोमीटर असेल तर 35. चांगल्या वाहकतेसाठी या किमान संख्येच्या बरेच पुढे जावे लागते ते वेगळेच.

माझ्या तारा आखूड होत्या, आणि त्या मीच तोडल्या होत्या. धुतल्यानंतर तळाशी बसलेला गोळा सुटावा म्हणून मी प्रत्येक वेळी अर्धा तास अल्ट्रासोनिक बाथ (ध्वनिलहरींनी द्रव जोरात हलवणारे भांडे) वापरत होते. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-सुविधा केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. तिथून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे आली तेव्हा सरासरी लांबी जेमतेम 4 मायक्रोमीटर निघाली. बाथ बंद करून बाटली हाताने हळुवार हलवायला सुरुवात केली आणि 24व्या फिल्मचा रोध मोजता आला. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले की साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाच्या डार्क फील्डमध्येही (काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या रचनेत) या तारा चमकत्या रेषांसारख्या दिसतात. हे आधी माहीत असते तर माझे तीन महिने वाचले असते, म्हणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी ते पहिल्याच आठवड्यात दाखवते.

तारा लांब असल्या तरी त्यांच्यावर पीव्हीपीचा लेप असतो, आणि जिथे दोन तारा एकमेकींवर टेकतात तिथे तो लेप प्रवाहाला अडवतो. काचेवरची फिल्म 150 ते 200 अंशांवर काही मिनिटे तापवली की हे सांधे जुळतात आणि रोध झपाट्याने उतरतो. चांदी 962 अंशांना वितळते म्हणून 300 अंशांवर काही बिघडणार नाही असे मानू नये. इतकी बारीक तार त्याच्या कितीतरी आधी तुटून थेंबांची माळ होते. प्लास्टिकवर तर एवढेही तापमान चालत नाही, तिथे दाब देऊन किंवा प्रकाशाच्या झोताने सांधे जोडतात.

मोजमापाबाबत मात्र मला सविस्तर सांगितलेच पाहिजे, कारण या क्षेत्रातील नवख्यांचे बहुतेक चुकीचे दावे इथेच जन्मतात. फिल्मचा रोध, म्हणजे शीट रोध, ‘ओहम प्रति चौरस’ या एककात देतात. सारख्या जाडीच्या थरातून कापलेला चौरस लहान असो वा मोठा, त्याच्या समोरासमोरच्या दोन कडांमधील रोध तोच येतो, म्हणून हे एकक सोयीचे ठरते. चार सुयांच्या यंत्रात बाहेरच्या दोन सुयांतून प्रवाह सोडतात, आतल्या दोन सुयांमधील विभवांतर मोजतात, आणि त्यांच्या गुणोत्तराला 4.53ने गुणतात. हा गुणक नमुना सुयांमधील अंतराच्या तुलनेत खूप मोठा असेल तरच लागू पडतो. नमुन्याची रुंदी त्या अंतराच्या 10 पट असेल तर गुणक सुमारे 4.2 होतो, आणि सुया कडेजवळ टेकवल्या तर आणखी बदलतो. शिवाय सुयांनी मऊ फिल्म ओरखडली जाते, म्हणून त्याच जागी दुसऱ्यांदा मोजू नये.

पारदर्शकता 550 नॅनोमीटर तरंगलांबीला किती टक्के प्रकाश पार जातो (पारगमन) यावरून सांगतात. इथे काच धरून की काच वगळून, हे लिहिलेच पाहिजे, कारण नुसती काचही दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परत पाठवते. पारदर्शकता आणि रोध एकत्र तोलण्यासाठी 1976 साली हाके या संशोधकांनी सुचवलेला निर्देशांक पारगमनाचा दहावा घात भागिले शीट रोध असा आहे. 80 टक्के पारगमन आणि 10 ओहमची फिल्म 0.0107 गुण मिळवते, तर 90 टक्के आणि 20 ओहमची फिल्म 0.0174. म्हणजे रोध दुप्पट असूनही दुसरी फिल्म सरस ठरते. पण ते 90 टक्के काच वगळून असतील आणि काच धरली तर पारगमन 83 टक्क्यांवर येते व गुण निम्म्याहून कमी होतात. त्यामुळे दोन शोधनिबंधांतील आकड्यांची तुलना करण्याआधी हा तपशील शोधून काढावा. पडद्यासाठी फिल्म करायची असेल तर धूसरपणाही मोजावा, कारण जाड तारा प्रकाश विखुरतात आणि अक्षरे फिकी दिसतात.

देवघरातली चांदीची भांडी हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळी पडतात हे आपण लहानपणापासून पाहतो. 50 नॅनोमीटर जाडीच्या तारेवर तीच क्रिया घडली तर तार पूर्णच संपते. पावसाळ्यात उघडी ठेवलेली माझी फिल्म काही आठवड्यांतच निकामी झाली होती. म्हणून प्रत्येक फिल्मचा रोध पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने मोजावा, आणि संरक्षक थराचा विचार पहिल्याच वर्षी सुरू करावा.

पीएच.डी.साठी बहुतेक ठिकाणी सीएसआयआर-नेट किंवा गेट यांसारखी परीक्षा द्यावी लागेल. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सी-मेट (इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या पदार्थांवर संशोधन करणारी संस्था) आणि आयसर, मुंबईतील आयआयटी, तसेच फवारणीने पातळ थर देण्याची दीर्घ परंपरा असलेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ही नावे आपल्या राज्यातच आहेत. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना भेटावे आणि चार सुयांचे यंत्र, स्पेक्ट्रोमीटर व सूक्ष्मदर्शक किती दिवस थांबल्यावर मिळतात हे विचारावे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुरुवातीला प्रयोगवही मराठीत लिहिली तरी हरकत नाही. मी सहा महिने तसे केले आणि माझ्या निरीक्षणांत त्यामुळे नेमकेपणा आला.

नेमक्या याच विषयावर काम करणाऱ्या कंपन्या आपल्याकडे थोड्या आहेत, हे आधीच जाणून घ्यावे. थर देणे, तो मोजणे आणि तो का बिघडला हे शोधणे ही कौशल्ये मात्र सौरपॅनेल, लेपित काच, रंग आणि अर्धवाहक या उद्योगांत उपयोगी पडतात. लेपनाच्या क्षेत्रातील एका कंपनीत मी मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या सर्वोत्तम फिल्मचा आकडा कुणी विचारला नाही. शेवटच्या दहा फिल्मांपैकी किती ठरलेल्या मर्यादेत आल्या, असे त्यांनी विचारले. मी वही उघडून सात हा आकडा दाखवला. त्यानंतरचा पाऊण तास आम्ही उरलेल्या तीन फिल्मांबद्दलच बोलत होतो.