खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि एक रात्र: ओटीजी आतून कसा स्वच्छ करावा

ज्या घरी दिवाळीला नानकटाई आणि डिसेंबरात केक होतो, तिथला ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन-टोस्टर-ग्रिल, एरवीही रिकामा बसत नाही. कधी पनीर टिक्का, कधी रविवारी मसाला लावलेलं पापलेट. तेलाचे शिंतोडे आतल्या भिंतींवर उडतात, पुन्हा पुन्हा तापतात आणि त्यांचा तपकिरी, चिवट थर बसतो. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून वार्निशसारखे घट्ट होतात, म्हणून तो भांडी घासायच्या साबणाला दाद देत नाही. बाजारातल्या अनेक ओव्हन क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या वन बीएचकेच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात त्याचा फवारा थेट नाकातोंडात जातो. ते आणायची गरजच नाही. जोर लावून घासण्यापेक्षा सोड्याला रात्रभर वेळ द्या, थर आपोआप सैल होतो.

अर्धी वाटी खाण्याचा सोडा, पांढरं व्हिनेगर, एक-दोन लिंबं, जुना टूथब्रश, नारळाचा काथ्या आणि दोन-तीन जुने सुती फडके, एवढं पुरतं. जांभळी नाक्याला घ्या नाहीतर वाशीला, दुकानात मागताना ‘खाण्याचा’ असं स्पष्ट सांगा. धुण्याचा सोडा कितीतरी तीव्र असतो, हात सोलवटतात. बेकिंग पावडरही चालणार नाही, कारण तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्च मिसळलेला असतो.

संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की कामाला लागा. ओटीजीचा प्लग काढा आणि तो पूर्ण गार होऊ द्या. गरम काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. जाळी, ट्रे आणि खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर काढा. आतला सुटा चुरा कोरड्या ब्रशने झाडून घ्या. ओला केलात तर त्याचा चिखल होतो आणि काम वाढतं.

आता सोड्यात दोन-तीन चमचे पाणी घालून लेप कालवा. दाटपणा असा हवा की उभ्या भिंतीला लावल्यावर ओघळता कामा नये. लागलं तर थेंबाथेंबाने पाणी वाढवा. हातमोजे घालून भिंतींना, तळाला आणि दाराच्या काचेला आतून हा लेप लावा, जिथे थर काळा आहे तिथे जाडसर. वरच्या-खालच्या कॉइल, पंखा असेल तर त्याची जाळी आणि दाराची रबरी पट्टी मात्र सोडून द्या. कॉइलवर सोडा राहिला तर पुढच्या वेळी तापल्यावर वास येतो आणि ती खराबही होऊ शकते. त्यांना फक्त घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने हलकेच पुसा.

मग दार लावून झोपायला जा. सोडा सौम्य अल्कली आहे. आठ-दहा तासांत तो तेलातल्या आम्लांशी जुळतो आणि थर सैल पडतो. सकाळी दार उघडाल तेव्हा पांढरा लेप जागोजागी तपकिरी झालेला दिसेल. तो डाग खेचला गेल्याचाच पुरावा.

सकाळी ओल्या फडक्याने लेप पुसून घ्या. कोपऱ्यांत टूथब्रश, हट्टी डागांवर काथ्या. तारेची घासणी वापरू नका, आतल्या लेपनावर चरे पडतात आणि नंतर तिथेच गंज धरतो. शेवटी व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन फडक्यावर फवारा आणि उरलेला पांढरा सोडा पुसा. थोडं फसफसेल, काळजी नको.

याच ठिकाणी बहुतेकांचा गोंधळ होतो. सोडा आणि व्हिनेगर सुरुवातीलाच एका वाटीत कालवले की फेस भरपूर येतो आणि काहीतरी मोठं घडतंय असं वाटतं. पण दोघं एकमेकांची ताकद मारून टाकतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम असिटेटचं पाणी राहतं, त्याने जळका थर निघत नाही. म्हणून सोड्याचं काम आधी, व्हिनेगर शेवटी. आणि व्हिनेगरचा फडका ब्लीचच्या बादलीत बुडवू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जाळ्या गरम पाण्यात दोन चमचे सोडा टाकून ड्राय बाल्कनीतल्या टबात दोन-तीन तास भिजवा, मग काथ्याने घासा. ॲल्युमिनियमचा ट्रे मात्र सोड्यात बुडवू नका, तो काळवंडतो. हाताला हलका लागला आणि लोहचुंबक चिकटला नाही, तर तो बहुधा ॲल्युमिनियमचा. त्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबणच पुरे.

सगळं कोरडं पुसून दार तासभर उघडं ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जाळीच्या टोकांना आणि स्क्रूंना गंज लवकर चढतो. त्यामुळे सुकवण्याचं काम पुसण्याइतकंच नीट करा. मग खिडकी उघडून रिकामा ओटीजी 150 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं चालवा.

माशाचा वास राहिला असेल तर गार ओटीजीत वाटीभर सोडा एक रात्र ठेवून सकाळी काढून घ्या. मायक्रोवेव्हसाठी लेप लावायची गरज नाही. काचेच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी, लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं गरम करा. चमच्यामुळे पाणी एकदम उसळत नाही. आणखी पाच मिनिटं दार बंद ठेवा. वाफेने मऊ झालेला चिकटा फडक्याने सहज निघतो, आणि तेच लिंबू-पाणी दाराच्या कडा पुसायला वापरता येतं.